साइन ३० चे उत्तर उणे का येते?

त्रिकोणमिती शिकलेला विद्यार्थी 'सी' भाषेतील आपल्या पहिल्या आज्ञावलीत साइन ३० विचारतो. अपेक्षा ०.५ ची, संगणक सांगतो −०.९८८०३! चुकले कोण? गणितही नाही आणि संगणकही नाही. 'सी'मधील साइन या फलनाला कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो. आपण ३० अंश विचारले, त्याने ३० रेडियन समजून उत्तर दिले.

साइन, लॉग, वर्गमूळ यांसारख्या फलनांचा तयार संग्रह 'सी'सोबत मिळतो. तो लागतोच कशाला? संगणकाचे मूळ भांडवल म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. साइन त्यांतूनच घडवावा लागतो. मग लॉगटेबलासारखी सारणीच स्मृतीत का ठेवू नये?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. त्याच्या स्मृतीत २०४८ संख्या मावत. एका अंशाची ६० मिनिटे धरली, तर ० ते ९० अंशांच्या सारणीला ५४०० नोंदी हव्यात! तेव्हा किंमत साठवण्यापेक्षा किंमत काढण्याची रीत साठवणे शहाणपणाचे. केंब्रिजमध्ये १९४९ साली सुरू झालेल्या 'एडसॅक' संगणकासाठी अशा रीती छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर तयार ठेवलेल्या असत. १९७२ च्या सुमारास अमेरिकेत जन्मलेल्या 'सी'चा फलनसंग्रह हा त्याच कल्पनेचा वारसा.

ही रीत कशी चालते? प्रथम कोन लहान करायचा. ७५० अंशांतून दोन पूर्ण फेरे काढले की ३० अंश उरतात. ३० अंश म्हणजे ०.५२३६ रेडियन, याला क्ष म्हणू. क्ष मधून क्षच्या घनाचा सहावा भाग, म्हणजे ०.०२३९२, वजा करा. मग क्षच्या पाचव्या घाताचा १२० वा भाग, म्हणजे ०.०००३३, मिळवा. उत्तर ०.५०००! केवळ तीन पदांत चार दशांश स्थळे बरोबर आली. या श्रेणीचे श्रेय केरळच्या माधव या चौदाव्या शतकातील गणितज्ञाला दिले जाते. प्रत्यक्ष संग्रहात पदे अधिक असतात आणि त्रुटी आणखी कमी व्हावी म्हणून सहगुणक किंचित बदललेले असतात.

आता दुसरे कोडे. १८० अंशांचे रेडियन नीट करून साइन काढला, तरी शून्य येत नाही. दशांशचिन्हानंतर १५ शून्ये आणि मग १२२ असे अंक येतात. कारण 'पाय'चे दशांश अंक कधी संपत नाहीत, पण संगणकाच्या नेहमीच्या दशांश संख्येत जेमतेम १६ सार्थ अंक मावतात. फलनाच्या हाती पडते ती 'पाय'पेक्षा किंचित लहान संख्या. १८० अंशांना कोन जितका कमी पडेल, जवळजवळ तितकाच त्याचा साइन भरतो. आलेले उत्तर म्हणजे ही तूटच! मिळालेल्या संख्येचा साइन फलनाने बरोबरच काढला.

म्हणून 'उत्तर शून्य आहे का?' अशी कसोटी आज्ञावलीत लावली, तर ती फसते. 'उत्तर शून्याच्या पुरेसे जवळ आहे का?' असे विचारावे.

वर्गात हे प्रयोग जरूर करून पाहावेत. उत्तर विचित्र आले की विद्यार्थ्यांनी आधी एवढेच तपासावे: आपल्या मनातली संख्या आणि फलनाला दिलेली संख्या एकच होती का?