घरबसल्या मिळणारी व्यवस्थापनाची पदवी आणि नोकरी देणारे

मुलगा बी. कॉम. झाला आणि पुढे एम्. बी. ए. करावयाचे म्हणाला, की कर्जत-खालापुराकडील शेतकऱ्याच्या घरात हल्ली प्रथम जमिनीची गोष्ट निघते. फार्महाऊससाठी गिऱ्हाईक दारी उभेच असते. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयाची फी व वसतिगृहाचा खर्च लाखांच्या घरात जातो. उलट तीच पदवी घरबसल्या मोबाईलवर, पुष्कळ कमी पैशांत मिळेल, अशा जाहिराती रोज येतात. या दोन पदव्यांकडे नोकरी देणारे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे कळल्याखेरीज शेत विकावे की राखावे याचा विचार करणे व्यर्थ होय.

घरी राहून पदवी मिळविणे आपल्याकडे नवे नाही. मुंबई विद्यापीठाने १९७१ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, व नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. टपालाचे काम आता ऑनलाईन होते, इतकाच फरक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेने दूरशिक्षणाने किंवा ऑनलाईन दिलेली पदवी ही महाविद्यालयातील तत्सम पदवीशी समकक्ष आहे. त्यामुळे जेथे केवळ मान्यताप्राप्त पदवीची अट असेल, अशा सरकारी जागेस अर्ज करण्यास हरकत नसावी.

परंतु सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, असे प्रकार आम्ही महसूल खात्याच्या नोकरीत पुष्कळ पाहिले. येथेही तसेच आहे. खाजगी कारखानदाराने कोणास घ्यावे हे आयोग ठरवीत नाही. शिक्षण कोणत्या रीतीने झाले याची नोंद विद्यार्थ्याच्या कागदपत्रांवर करावी असा नियम आहे, आणि खरेदीदार जसा आधी 'इतर हक्का'चा रकाना वाचतो, तसा नोकरी देणाराही ती नोंद वाचतो.

त्याच्या शंकेस कारण आहे. महाविद्यालयातील एम्. बी. ए. साठी सी. ई. टी. द्यावी लागते, म्हणजे मालकाच्या आधीच कोणी तरी दाणे पाखडून ठेवलेले असतात. पुष्कळ ऑनलाईन वर्गांस अशी परीक्षा नसते. शिवाय चांगल्या महाविद्यालयात कंपन्यांची माणसे स्वतः येऊन मुले निवडतात, आणि आमच्या मते तेथील फीचा मोठा भाग या ओळखीचाच असतो. मात्र ही गोष्ट चांगल्या महाविद्यालयांची. जेथे कोणतीही नामांकित कंपनी फिरकत नाही, अशा महाविद्यालयासाठी शेत विकण्यात आम्हांस अर्थ दिसत नाही. त्याच्या पदवीस ऑनलाईन पदवीहून बाजारात फारसा अधिक भाव येत नाही.

आता दुसरी बाजू. पाताळगंगा-रसायनीच्या कारखान्यात चार-पाच वर्षे पाळी करून जो तरुण पर्यवेक्षकाच्या जागेवर डोळा ठेवून आहे, त्यास नोकरी सोडून दोन वर्षे वर्गात बसणे परवडत नाही. त्याचे काम मालकाने पाहिलेले असते. पदवी कशी मिळविली हा प्रश्न तेथे गौण ठरतो, आणि पगार चालू असता मिळविली ही गोष्ट त्याच्या बाजूचीच धरली जाते. ऑनलाईन पदवीचा खरा उपयोग अशास आहे. अनुभव मुळीच नसलेल्या मुलाने ती एकटी घेऊन जाणे म्हणजे नुसत्या कागदावर कब्जा मागण्यासारखे आहे. त्याने आधी खोपोलीकडे एखाद्या गोदामात वा कचेरीत लहानशी नोकरी धरावी व मग प्रवेश घ्यावा.

संस्थेची मान्यता पाहिल्यावाचून पैसे भरू नयेत. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीवाचून दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये लावला, तेव्हा २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या व पुन्हा परीक्षा देण्याची वेळ आली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या तर रद्दच झाल्या. मान्य संस्थांची यादी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर असते. ती चालू वर्षाची व त्याच अभ्यासक्रमाची पाहावी. २०२४ पासून विद्यार्थ्यास तेथे स्वतःचा डी. ई. बी. क्रमांकही काढावा लागतो. तो न मागता कोणी फी घेऊ लागल्यास सावध व्हावे. तसेच जाहिरातीतील शब्द 'पदवी' आहे की 'पदविका', हेही वाचावे.

कृषिविषयाची पदवी मात्र या मार्गाने देण्यास आयोगाची मनाई आहे. ज्यांच्या मुलास ती हवी असेल, त्यांनी दापोलीच्या कृषि विद्यापीठाच्या महाविद्यालयांकडेच चौकशी करावी.