मोटर का जळते? अँपिअर आणि उष्णतेचा साधा हिशोब



उन्हाळी कांदा पोसायला लागला की पाण्याची एक पाळीसुद्धा चुकवून चालत नाही. आणि नेमकी त्याच दिवसांत मोटर जळते. मग चेनपुली लावून मोटर वर काढा, टेम्पोत टाकून भरायला न्या, मिस्त्रीकडं नंबर लावा. यात आठ-दहा दिवस सहज जातात. तोवर कांद्याची फुगवण थांबते आणि चाकण मार्केटला माल नेला की गोलटीचा भाव पदरात पडतो.

७.५ एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. त्यामुळं "वीज किती जळते याच्याशी आपल्याला काय करायचंय" असं बरेच जण म्हणतात. पण बिल माफ झालं तरी मोटर भरायचा खर्च माफ होत नाही. म्हणून आजचा मेसेज जरा मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

*मूळ नियम एकच*

तारेतून करंट वाहिला की तार तापते. किती तापते, याचा नियम जूल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८४० च्या सुमारास मांडला:

उष्णता = अँपिअर × अँपिअर × तारेचा रोध × वेळ

यात अँपिअर दोनदा येतो, हे ध्यानात ठेवा. अँपिअर दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, *चौपट* होते. पाणी तापवायचा रॉड याच नियमावर चालतो. फरक इतकाच, की रॉडमध्ये उष्णता आपल्याला हवी असते आणि मोटरीत नको असते.

मोटरीच्या वाइंडिंगवर वार्निश आणि इन्सुलेशन असतं. ठरलेल्या तापमानाच्या वर दर १० अंशाला त्या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे मोटर एका दिवसात जळत नाही. ती रोज थोडी थोडी करपत असते, एक दिवस फक्त वास येतो.

*१) व्होल्टेज कमी, अँपिअर जास्त*

पाणी तेवढंच उचलायचं, तर मोटरीला पॉवर जवळपास तेवढीच लागते. व्होल्टेज पडलं की ती अँपिअर वाढवून भरपाई करते. समजा ५ एचपीची मोटर ४१५ व्होल्टला ८ अँपिअर घेते. व्होल्टेज ३३० वर आलं की तीच मोटर १० अँपिअरच्या आसपास घेईल. आता गुणाकार करा: ८ × ८ = ६४ आणि १० × १० = १००. अँपिअर दोनानंच वाढला, पण उष्णता दीडपटीच्या वर गेली.

*२) एक फेज गेला*

चालू मोटरीचा एक फेज गेला तर उरलेल्या दोन तारांतला करंट पावणेदोन पट होतो, म्हणजे उष्णता तिप्पट. आणि बंद मोटर दोन फेजवर चालू करायला गेलात तर ती फिरतच नाही, नुसती घुमते. त्या वेळी करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो. मोटर घुमली की क्षणभरही थांबू नका, लगेच बंद करा. "बघू, फिरेल" म्हणण्यात वाइंडिंग जातं.

*३) ढिलं कनेक्शन*

आपल्या घरातली कितीतरी पोरं चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत कामाला आहेत. त्यांना स्पॉट वेल्डिंग कसं होतं ते विचारा. दोन पत्रे दाबून धरतात आणि क्षणभर हजारो अँपिअर सोडतात. दोन पत्रे जिथं टेकतात तिथं रोध जास्त असतो, म्हणून नेमकी तीच जागा वितळते.

तुमच्या स्टार्टरच्या पेटीत ढिला स्क्रू असेल तर तिथं हेच घडतं, फक्त सावकाश. त्या जोडात अर्धा ओहम रोध तयार झाला आणि ८ अँपिअर वाहिले, तर ८ × ८ × ०.५ = ३२ वॅट उष्णता एका टोकावर निघते. सोल्डरिंगची साधी इस्त्री २५ वॅटची असते! म्हणजे पेटीत रोज आठ तास इस्त्री चालू ठेवल्यासारखं झालं. टोक काळं पडतं, रोध आणखी वाढतो, आणि एक दिवस तो फेजच तुटतो. मग वरचा २ नंबरचा प्रकार सुरू.

*४) बारीक केबल*

मीटरपासून विहीर ३०० मीटरवर आहे, मोटर ८ अँपिअरची आहे, असं धरून तांब्याच्या केबलचा ढोबळ हिशोब:

▪️ २.५ स्क्वेअर एमएम: तीन तारांत मिळून सुमारे ४२० वॅट नुसती उष्णता. आठ तासांत जवळजवळ साडेतीन युनिट. शिवाय ३० व्होल्ट वाटेतच गायब.
▪️ ६ स्क्वेअर एमएम: सुमारे १८० वॅट, आठ तासांत दीड युनिटच्या आत. व्होल्टची घट १३ च्या आसपास.

डीपीवर व्होल्टेज ठीक आणि विहिरीवर कमी, असं असेल तर दोष तुमच्या केबलमध्ये आहे.

*५) ऑटो स्विच*

लाईट आली की ऑटो स्विचमुळं डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदमच उठतात. सुरू होताना प्रत्येक मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. व्होल्टेज कोसळतं, डीपी तापते, आणि डीपी जळली तर सगळ्यांचंच पाणी बंद. आपल्या एकट्याच्या सोयीपायी वीस जणांचं पीक वाळतं.

*या आठवड्यात एवढं करा* ✅

१. जाणकार वायरमनकडून टाँग टेस्टरनं तिन्ही फेजचे अँपिअर मोजून घ्या. मोटर १५-२० मिनिटं चालल्यावर मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे आणि नेमप्लेटच्या आत हवेत.
२. ओव्हरलोड रिले नेमप्लेटच्या अँपिअरवर लावून घ्या. "सारखी ट्रिप होते" म्हणून तो वाढवून ठेवू नका. स्टार-डेल्टा स्टार्टरचं सेटिंग वेगळं असतं, ते वायरमनलाच करू द्या.
३. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवा. बसवलेला असेल तर बायपास केलेला नाही ना, ते बघा.
४. मेन स्विच बंद करून, लाईट नाही याची खात्री करून सगळी टोकं घट्ट करून घ्या. काळं पडलेलं टोक कापून नवीन लग लावा. तांबं आणि ॲल्युमिनिअमचा थेट पीळ मारू नका.
५. किटकॅटमध्ये फ्यूजवायरच टाका. फ्यूज वितळतो म्हणूनच मोटर वाचते. जाड तार टाकली तर तार राहते आणि मोटर जाते.
६. कपॅसिटर बसवा. केबल आणि डीपीवरचा करंट कमी होतो, व्होल्टेज सुधारतं.
७. ऑटो स्विच काढा. डीपीवरच्या सगळ्यांनी बसून मोटरी पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं चालू करायचं ठरवा.
८. विहिरीचं पाणी खाली गेलं असेल तर सबमर्सिबल उघडी पडू देऊ नका. तिला पाणीच थंड ठेवतं.

⚠️ ओल्या हातानं पेटी उघडू नका. डीपीवर किंवा खांबावर स्वतः चढू नका, फ्यूज गेला तरी नाही. महावितरणच्या १९१२ नंबरवर तक्रार नोंदवा. आणि हेही लक्षात असू द्या: फ्यूज आणि रिले मोटर वाचवतात, माणसाला शॉकपासून वाचवत नाहीत. मोटर पुन्हा भरता येते.

अँपिअर मोजून झाले की आकडा स्टार्टरच्या पेटीवर आतून तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या वेळी वाढ दिसली की दुखणं वेळेत कळेल.

हा मेसेज आपल्या डीपीवरच्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठवा. 🌱