आडनावामागचे घर

आमच्या वर्गात सरांनी हजेरी घेताना नुसते ‘पाटील’ म्हटले, की पाच-सहा जण एकदम ‘हजर’ म्हणतात. हे सगळे काही एकमेकांचे भाऊबंद नव्हेत. आपल्या रावेर-यावलकडे पाटील, चौधरी, महाजन ही आडनावे गावोगाव आहेत. पण मुळात ते हुद्दे होत. पाटील हा गावचा वतनदार. चौधरी-महाजन हे पेठेतले, व्यवसायातले पुढारी. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी गेली, आडनाव मात्र राहिले.

याची झळ आमच्या घराला लागली ती एका दाखल्याच्या वेळी. माझ्या कागदावर ‘पाटील’, तर पणजोबांच्या नोंदीत ‘चौधरी’! “हे तुमचेच पणजोबा कशावरून?” असे विचारून अर्ज परत आला. मग मी वंशावळ शोधू लागलो. तो मार्ग इतरांच्याही उपयोगी पडावा म्हणून येथे देतो.

आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे. मग आजोबांच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी कोतवाल बुकात सापडतात. काही मोडीत असतात, तेव्हा जाणकार गाठावा लागतो. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळी असते. आपल्या गावचा कोण कधी आला, त्याचे बाप-भाऊ कोण, हे त्यात लिहिलेले असते. सर्वांत भक्कम कागद मात्र फेरफाराचा. खातेदार वारला की वारसांची नावे त्यात चढतात. आमचा दुवा तिथेच जुळला. बापाच्या नावापुढे चौधरी, मुलाच्या नावापुढे पाटील, पण सर्व्हे नंबर एकच! माणसाचे आडनाव बदलले, शेत जागचे हलले नाही.

बापाकडची साखळी अशी जुळली. आईकडची मात्र तुटली. जुन्या कागदांत बाईच्या नावापुढे ‘भ्रतार अमुक’ एवढेच असते. तिचा बाप कोण, माहेर कोठले, याचा पत्ता नाही. कित्येकींचे तर लग्नात पाळण्यातले नावही बदलले. बहिणाबाई चौधरींचे माहेर असोद्याचे महाजन, हे आपण सगळे जाणतो. आमच्या पणजीचे माहेर कोणते, हे घरात कुणालाच सांगता आले नाही.

असे सगळीकडेच होते असे नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या फ्रेंच लोकांतही आपल्या ‘ऊर्फ’सारखी दुहेरी आडनावे होती. फौजेतले टोपणनाव पुढे घराण्याला चिकटे, आणि एकाच बापाची मुले दोन आडनावांनी नांदत. पण तेथील चर्चच्या लग्नाच्या वहीत वधूचे माहेरचे आडनाव आणि आई-बापांची नावे लिहीत. त्यामुळे तेथे आजीच्या आजीपर्यंतही जाता येते. १९८१ पासून तर तेथील कायद्याने लग्नानंतरही स्त्रीचे जन्माचेच नाव कायम राहते. आपल्याकडेही १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात, सरकारी कागदांवर, आईचे नाव घालावयाचे ठरले आहे.

अर्ज अखेर मंजूर झाला. वंशावळीच्या वहीत मी पणजोबांशेजारी एक ओळ कोरी ठेवली आहे. मित्रहो, या सुट्टीत घरी गेलात तर आजीजवळ जरा बसा. तिचे माहेरचे नाव, गाव, आई-बाप, सारे विचारून लिहून ठेवा. ते कोणत्याही दप्तरात सापडायचे नाही.