घरातला कॅमेरा कोणाकोणाला दिसतो?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं ऊसतोडीला निघतात आणि मागे म्हातारी माणसं व शाळेतली पोरं उरतात. त्यांच्या काळजीने घरात कॅमेरा बसवावासा वाटणं रास्त आहे. पण 'आपल्या घरात बघण्यासारखं आहे काय?' या समजुतीवर विसंबू नये. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं महिलांच्या तपासणीचं चित्रण चोरून टेलिग्रामवर विकल्याचं फेब्रुवारी 2025 मध्ये उघडकीस आलं. पकडलेल्यांत बीडला लागून असलेल्या लातूरचा एक तरुणही होता. त्या यंत्रणेला कंपनीचाच 'ॲडमिन123' हा पासवर्ड होता, अशा बातम्या पुढे आल्या. असे चोर घर हेरत नाहीत. इंटरनेटवरचे कॅमेरे ते एकेक करून चाचपतात आणि मूळचा पासवर्ड चालला की आत शिरतात. आपल्याकडे तर बसवून देणाऱ्याच्याच मोबाईलवर पुष्कळदा ॲपचं खातं उघडलं जातं. तो गेल्यावर खातं आपल्या नंबरावर घ्यावं आणि पासवर्ड बदलावा.

महागडा कॅमेरा म्हणजे सुरक्षित, हेही खरं नाही. ॲमेझॉनच्या रिंग कंपनीतले लोक ग्राहकांचं खासगी चित्रण पाहू शकत होते, असा ठपका अमेरिकी व्यापार आयोगाने ठेवला. 2023 मध्ये कंपनीने 58 लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. म्हणून किमतीआधी विचारावं, चित्रण साठतं कुठे? मेमरी कार्डवर साठवणारा, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करता येणारा आणि लॉगिनला ओटीपी मागणारा कॅमेरा बरा. चोराने कार्डासकट कॅमेराच नेला तर? शंका खरी आहे. मग चित्रण इंटरनेटवरून कंपनीकडे साठवणारा क्लाउड जरूर घ्यावा, पण कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे ठेवावं. फुटलंच चित्रण, तरी ये-जा तेवढी दिसेल.

'घर माझं, कॅमेरा माझा' हा समज सगळ्यांत खोल रुजलेला आहे. एकाच घरात राहणाऱ्या भावाच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, असं कोलकाता उच्च न्यायालयाने 2025 मध्ये सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. आईला यातलं काय कळतं, असं पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्हणेल. ॲप तिला कळणार नाही, पण आपण लुगडं कुठे बदलतो, सून बाळाला कुठे पाजते, हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. कॅमेरा भिंतीला ठोकण्याआधी त्यातलं चित्र मोबाईलवर तिला दाखवावं आणि ती म्हणेल तिकडे तो वळवावा.