दारची कण्हेर की परसातली बिट्टी?

गारगोटीस घर बांधावयाचे ठरले तेव्हा आमच्यात विटांवरून वाद झाला नाही, कौलांवरून झाला नाही, की स्वयंपाकघराचा ओटा कोणत्या भिंतीस असावा यावरूनही झाला नाही. वाद झाला तो कुंपणावरून!

"कण्हेर लावू," आमचे हे म्हणाले, "एकदा लावली की पाहायला नको. शेळ्या तोंड लावीत नाहीत, पाणी कमी पडले तरी कुरकुरत नाही, आणि पांढरी, गुलाबी, तांबडी अशी फुलेच फुले!"

"बिट्टी लावू," मी म्हटले. माझ्या माहेरी कोल्हापुरास परसात बिट्टीचे झाड होते. पहाटे उठून महादेवासाठी पिवळ्या घंटांनी परडी भरून आणायची, हे माझे लहानपणचे काम. सासरी निदान म्हातारपणी तरी ते झाड असावे, एवढीच माझी हौस.

शेवटी तह झाला. रस्त्याच्या अंगास कण्हेर आणि मागे विहिरीजवळ बिट्टी. संसारात असे तह करावेच लागतात. पण या तहाची काय किंमत पडली, ते सांगावे म्हणूनच आज दिवाळीच्या फराळाबरोबर ही थोडी कडू गोष्ट वाचकांपुढे ठेवीत आहे.

कण्हेर आपली जुनी. संस्कृतात तिला करवीर म्हणतात, आणि आमच्या कोल्हापूरचे जुने नावही करवीरच! त्या नावाच्या कथा पुराणात निराळ्या आहेत, परंतु देवीच्या नगरीचे आणि देवाच्या फुलाचे नाव एक असावे याचे मला लहानपणापासून कौतुक वाटत आले आहे. मात्र याच करवीराचे दुसरे नाव आहे अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारा. सुश्रुताने मुळांत विष असलेल्या वनस्पतींत त्याची गणना केली आहे, आणि पुढच्या रसशास्त्रकारांनी रुई, धोतरा, गुंज, कळलावी यांच्या पंक्तीस त्याला उपविषांत बसविले आहे. फूल देवाला वाहावे, पण झाड ओळखून असावे, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते.

बिट्टी मात्र परदेशची पाहुणी. तिचे मूळ माहेर मेक्सिको आणि मध्य अमेरिका. १५५५ साली ब्राझीलला गेलेल्या आंद्रे थेव्हे नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या नावावरून शास्त्रज्ञांनी तिला 'थेवेशिया' म्हटले. आपण तिला पिवळी कण्हेर म्हणून घरातलीच करून टाकली. चाफा, तगर, सदाफुली आणि रुई यांच्याच कुळातल्या या दोघी, त्यामुळे बहिणी म्हटल्या तरी चालेल.

आता बागेच्या दृष्टीने दोघींची तुलना करू. कण्हेरीची पाने जाड, चिवट, आणि बहुधा तीन-तीनच्या चक्रात येणारी. बिट्टीची पाने अधिक अरुंद, तुकतुकीत. तिचे पान तोडले की पांढरा चीक भळभळा येतो. डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो. कण्हेर बुंध्यापासूनच अनेक फांद्यांनी फुटते, म्हणून कुंपणाला सोयीची; बिट्टीचे मात्र लहानसे झाडच होते. कण्हेर फांदी खोचून लावावी, बिट्टी बीपासून सहज येते. भुदरगडाच्या पायथ्याचा आमचा मुलूख पावसाचा. वेदगंगा दुथडी भरून वाहते त्या दिवसांत दुहेरी कण्हेरीची फुले भिजून फांदीवरच कुजतात; तिचा खरा थाट उन्हाळ्यात. बिट्टी मात्र जवळजवळ बारा महिने परडी रिकामी ठेवीत नाही. येथवर गुण द्यायचे झाले तर मी माझ्याच बाजूने देईन.

आणखी एक मौज सांगते. कण्हेरीच्या पानांवर एका काळसर फुलपाखराच्या अळ्या वाढतात. त्यांचा कोष पानाखाली लोंबतो तो चांदीच्या डुलासारखा चकाकतो. पानातले विष त्या अळ्यांना बाधत नाही. पक्षी त्यांच्या वाटेस जात नाहीत.

ते विष असते तरी कसले? दोन्ही झाडांच्या मुळापासून फुलापर्यंत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. कण्हेरीतले मुख्य द्रव्य ओलिअँड्रिन, बिट्टीतले थेवेटिन. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडावर पुस्तक लिहून त्याचे औषधी गुण सांगितले. ही द्रव्ये त्याच जातीची. आपल्या पेशींत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा एक सूक्ष्म पंप असतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली तो दाखवून दिला आणि त्यासाठी १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे विष तोच पंप अडविते. मग मळमळ, उलट्या, पोटदुखी होते, नाडी मंद पडते, ठोके चुकू लागतात, आणि वेळीच उपाय न झाल्यास हृदय थांबते. झाड वाळले म्हणून वा शिजले म्हणून हे विष जात नाही.

हे सारे मला आज ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक असते, तर शेजारणीची म्हैस वाचली असती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आम्ही कण्हेरीचे कुंपण छाटून घेतले आणि फांद्या कुंपणाबाहेर टाकून दिल्या. ओली कण्हेर कडू असते, म्हणून जनावर सहसा तिला तोंड लावीत नाही. वाळलेली पाने मात्र वैरणीत मिसळली की त्याला ओळखू येत नाहीत, आणि मूठ-दोन मूठ पाने मोठ्या जनावरासही पुरतात. शेजारणीने कुंपणाकडेचे गवत कापले, त्याबरोबर ती पानेही भाऱ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी दूध आले नाही. तीच दारात आली. "वैनी, म्हस वैरण खाईना बगा. नुस्ती उभी ऱ्हायलीया."

जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी दावणीतली वैरण चाळली आणि एक पान उचलून विचारले, "ही कण्हेर कुणाच्या घरची?" मला उत्तर द्यावे लागले नाही, कुंपण समोरच होते. रात्री म्हैस गेली.

आम्ही दोन हप्त्यांत म्हशीची किंमत दिली. शेजारणीने नोटा मोजून घेतल्या. ती नको-नको म्हणाली असती तर मला अधिक लाजल्यासारखे झाले असते.

एवढ्याने डोळे उघडावेत की नाही? पण आमचे डोळे निम्मेच उघडले. दोष कण्हेरीचा, माझी बिट्टी निर्दोष, असेच मी मनाशी म्हणत राहिले. मग गेल्या मे महिन्यात पुण्याहून नातू आला. वय वर्षे सहा. बिट्टीच्या फळातली टणक, तिकोनी बाठी मुलांच्या खेळातली. आम्हीही खेळलो होतो. पण हा पठ्ठ्या पडवीत बसून ती दगडाने फोडत होता.

"आजी, यात बदाम आहे!"

माझ्या हातातले ताट खाली पडले. "तोंडात घातलास का रे?"

"थोडासाच चावला. कडू होता म्हणून थुंकला."

बिट्टीत विषाचा साठा सर्वांत अधिक असतो तो याच बीत. एखादी बीदेखील लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. आम्ही त्याला तसेच उचलून दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख काढला, रात्रभर यंत्राला जोडून ठेवले. देवाच्या कृपेने काही झाले नाही. त्या रात्री बाकावर बसून हे मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

तेथल्या डॉक्टरांनी सांगितलेले येथे लिहिते. कात्रण काढून ठेवावे. मुलाने असे काही खाल्ल्याची शंका जरी आली तरी तोंडातले अवशेष काढून चूळ भरावयास लावावी. मिठाचे पाणी पाजून वा घशात बोटे घालून उलटी करवू नये. लिंबू, ताक, तूप यांत वेळ दवडू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठा दवाखाना गाठावा, आणि झाडाची फांदी वा फळ पिशवीत घालून बरोबर न्यावे. मूल खेळते आहे म्हणून थांबू नये. ठोके काही तासांनीही बिघडतात.

आता निकाल. घरात लहान मूल असेल, किंवा सुटीत येणार असेल, तर बिट्टी नको. तिचे फळ मुलाला हाक मारते. शेजारी गोठा असेल तर कण्हेरीचे कुंपण नको. मूल आणि जनावर दोन्ही नसतील, तर दोहोंपैकी कोणतेही लावा. पण छाटणी हातमोजे घालून करा, फांद्या खोल खड्ड्यात पुरा, आणि जाळू तर मुळीच नका, कारण धूरही बाधतो.

आमची बिट्टी पावसाळ्यापूर्वीच गेली. माझ्या डोळ्यांदेखत ती तोडली. माहेर दुसऱ्यांदा सुटल्यासारखे वाटले. कण्हेरीचे कुंपणही गेले. यांच्या हट्टापायी आतल्या अंगणात पांढऱ्या कण्हेरीचे एकच झाड ठेवले आहे, आणि त्याचे गळलेले पानही हे स्वतः वेचतात. कुंपणाला आता मेंदी आणि जास्वंद आहे. जास्वंद शेळ्या खातात. पूर्वी हे काठी घेऊन धावले असते.

आता म्हणतात, "खाऊ देत."

शेजारणीकडे नवी म्हैस आली आहे. परवाच ती आमच्या कुंपणाकडेचे गवत कापून घेऊन गेली. जाताना क्षणभर थांबून तिने भारा एकदा चाळून पाहिला. तिने तो तसाच नेहमी चाळावा, असे मला वाटते.