हृदयधमनीवरील उपचार, रक्तगोठणरोधक औषधे आणि मूत्रपिंडाचे आरोग्य

प्रस्तावना :

हृदयधमनीतील अडथळा फुग्याच्या साहाय्याने दूर करणारी अँजिओप्लास्टी आंद्रियास ग्रुंटझिग यांनी १९७७ साली झुरिक येथे प्रथम यशस्वी केली. धमनीत सरकविलेल्या तारेवर किंवा स्टेंटवर रक्त गोठू नये, म्हणून या उपचारात रक्तगोठणरोधक औषधे अपरिहार्य ठरतात. व्यवहारात त्यांना 'रक्त पातळ करणारी औषधे' म्हटले जाते. प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही, तर गुठळी होण्याची क्रिया मंदावते. ही औषधे हृदयरोगासाठी दिली जात असली, तरी त्यांपैकी अनेकांचा निचरा मूत्रपिंडावाटे होतो. म्हणूनच मूत्रपिंडाची कार्यक्षमता लक्षात न घेता ठरविलेली मात्रा रुग्णास घातक ठरू शकते. या संबंधाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. औषधांचा निचरा :

साध्या हेपारिनचा निचरा नेहमीच्या मात्रेत मुख्यतः मूत्रपिंडाबाहेर होतो. त्यामुळे मूत्रपिंड दुर्बल असताना ते तुलनेने सोयीचे ठरते. एनॉक्सापॅरिनची स्थिती वेगळी आहे. त्याची उपचारात्मक मात्रा सामान्यतः दर किलो वजनास १ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा अशी असते. मात्र क्रिएटिनिन निचरा मिनिटाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी असल्यास ती दिवसातून एकदाच दिली जाते. बायव्हॅलिरुडिनचा अर्धायुकाल निरोगी मूत्रपिंड असताना सुमारे २५ मिनिटे असतो, तर डायलिसिसवरील रुग्णात तो सुमारे साडेतीन तासांपर्यंत लांबतो. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांच्या मात्रेत मात्र मूत्रपिंडाच्या कारणास्तव सहसा बदल करावा लागत नाही.

२. क्रिएटिनिनचा फसवा आकडा :

केवळ क्रिएटिनिनच्या आकड्यावरून मूत्रपिंडाची खरी स्थिती कळत नाही. कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी १९७६ साली मांडलेल्या सूत्रात १४० मधून वय वजा करून आलेल्या संख्येस वजनाने गुणतात व ७२ गुणिले क्रिएटिनिन या गुणाकाराने भागतात. स्त्रियांच्या बाबतीत उत्तरास ०.८५ ने गुणतात. समजा, दोन रुग्णांचे क्रिएटिनिन १.२ आहे. ४५ वर्षांच्या, ६५ किलो वजनाच्या पुरुषाचा निचरा सुमारे ७१ येतो. ७५ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीचा केवळ २९ येतो. अहवालातील आकडा एकच असला, तरी या वृद्धेस एनॉक्सापॅरिनची नेहमीची मात्रा दिल्यास औषध शरीरात साचून गंभीर रक्तस्राव होऊ शकतो.

३. रक्तस्राव व रंजकद्रव्य :

मोठ्या रक्तस्रावाने रक्तदाब घटतो, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा मंदावतो आणि आधीच दुर्बल असलेला अवयव अधिक खालावतो. अशा रीतीने औषधाची चूक फिरून मूत्रपिंडावरच येते. धमनी दिसण्यासाठी टोचले जाणारे रंजकद्रव्य हा दुसरा धोका होय. उपचारानंतर ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ मिलिग्रॅमने किंवा अधिक वाढल्यास तीव्र मूत्रपिंड-इजा मानली जाते. रंजकद्रव्याचे प्रमाण मर्यादित ठेवणे व शरीरातील पाण्याचे प्रमाण पुरेसे राखणे, हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत. पूर्वी प्रचलित असलेल्या ॲसिटिलसिस्टीनचा लाभ २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रिझर्व्ह' या मोठ्या चाचणीत आढळला नाही. मांडीऐवजी मनगटाच्या धमनीतून उपचार केल्यास रक्तस्रावाचा धोका कमी होतो.

समारोप :

मूत्रपिंडाचा विकार आहे म्हणून हृदयरुग्णास रक्तगोठणरोधक औषध नाकारणे योग्य नव्हे. औषधाची निवड व मात्रा बदलणे योग्य होय. रुग्णाने जुना मूत्रपिंडविकार, मधुमेह व नियमित घेत असलेली वेदनाशामके यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. तसेच स्टेंट बसविल्यानंतर क्रिएटिनिन वाढल्याच्या भीतीने गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत; तसे केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन प्राणावर बेतू शकते. हृदय व मूत्रपिंड यांचा एकत्रित विचार हाच सुरक्षित उपचाराचा पाया आहे.