गांजा कायदेशीर केला तर तिजोरी भरते का?

गांजावरच्या करातून शाळा बांधल्या जातात असं कोणी सांगितलं तर पटेल का? अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात हे घडलंय.

तिथल्या मतदारांनी २०१२ साली मौजेसाठीच्या गांजाला मान्यता दिली. १ जानेवारी २०१४ पासून परवानाधारक दुकानांत विक्री सुरू झाली. घाऊक मालावर १५ टक्के अबकारी कर बसला. त्यातले दरवर्षीचे पहिले ४ कोटी डॉलर शाळांच्या इमारतींसाठी ठेवायचे ठरले.

आता यामागचं अर्थशास्त्र बघा. चोरट्या धंद्यात पकडले जाण्याची जोखीम असते, म्हणून भाव चढा असतो. विक्री उघड झाली की जोखीम जाते, लागवड वाढते आणि भाव उतरतो. कर टक्केवारीत असल्यामुळे भावाबरोबर करही घटतो. शेजारच्या न्यू मेक्सिकोतही २०२२ मध्ये दुकानं उघडली, म्हणजे तिकडचं गिऱ्हाईकही कमी झालं. कोलोराडोची २०२१ मधली २०० कोटी डॉलरच्या वरची विक्री २०२३ मध्ये सुमारे १५० कोटींवर आली.

मग कर वाढवायचा का? फार वाढवला तर गिऱ्हाईक पुन्हा चोरट्या बाजाराकडे वळतं. शिवाय तपासणी, व्यसनमुक्ती, उपचार यांचा खर्च असतोच.

आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार गांजाची विक्री गुन्हा आहे. तरीही हा हिशेब समजून घ्यायला हवा. इमारत एकदाच बांधायची असते. शिक्षकांचा पगार मात्र दरमहा लागतो. तो असल्या घटत्या कमाईवर कसा सोडायचा?